कडेवरचं मूल आणि आईचं नाव

आमच्या वाडीतल्या अंगणवाडीत आयांना नाव नसतं. सकाळी पोरांना सोडायला आलेल्या बायका एकमेकींना ‘वेदाची आई’, ‘आरूची आई’ अशाच हाका मारतात, ताईही तशाच मारतात, आणि हाकेला ओ मिळते. पण ताईंच्या लोखंडी कपाटातली रजिस्टरं उघडली की तिथे प्रत्येकीचं स्वतःचं नाव आहे, नवऱ्याच्या नावासकट, आडनावासकट. गरोदर राहिल्याबरोबर नोंद, मग स्तनदा माता म्हणून नोंद, मग बाळाचं वजन, उंची, लसी, घरी न्यायचा आहार. आता हेच सगळं मोबाइलवर पोषण ट्रॅकरमध्येही भरावं लागतं. देवगड तालुक्यातल्या या खाडीकाठच्या वाडीत लग्न होऊन आलेली मुलगी सरकारदरबारी सगळ्यात आधी कुठे पोचत असेल, तर ती अंगणवाडीत.

मतदार यादीत पोचायला तिला त्यानंतर बरीच वर्षं लागतात. कुणाचं नाव अजून माहेरच्या यादीत आहे. कुणाचं मुंबईकडे, लग्नानंतर काही दिवस जिथे संसार मांडला त्या भाड्याच्या खोलीच्या पत्त्यावर. कुणाचं कुठेच नाही, कारण अठरा पूर्ण झाली तेव्हा घरात स्थळं बघणं चाललं होतं आणि ‘आता सासरीच घालूया नाव’ असं ठरलं. सासरी आल्यावर रेशनकार्डात नाव चढलं, बँकेत खातं निघालं, कारण त्यावाचून अडतं. मतदार यादीवाचून रोजचं काहीच अडत नाही. अडतं ते थेट मतदानाच्या दिवशी, आणि त्या दिवशी काही करता येत नाही.

एका सुनेला मी सहज विचारलं, तुझं मत कुठे आहे गं? ती म्हणाली, “माझा मत खंय आसा ता ह्यांका म्हायत.” बोलण्यात तक्रार नव्हती, संकोचही नव्हता. विजेचं बिल कुठे ठेवलंय ते ह्यांना माहीत, तसंच मत कुठे आहे तेही ह्यांना माहीत. तिचा तो सरळ सूर माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

स्वतंत्र भारताची पहिली सार्वत्रिक निवडणूक १९५१-५२ मध्ये झाली. त्याआधी याद्या करायला घरोघर गेलेल्या माणसांना कितीतरी बायकांनी आपलं नाव सांगितलंच नाही. अमक्याची आई, तमक्याची बायको, एवढंच. पहिले मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी ठरवलं की स्वतःचं नाव असल्याशिवाय नोंद राहणार नाही. देशातल्या सुमारे ८ कोटी स्त्री मतदारांपैकी जवळजवळ २८ लाख जणींनी नाव सांगितलं नाही आणि त्यांना यादीतून वगळावं लागलं. त्यातल्या बहुतेक उत्तर भारतातल्या होत्या. सेन यांचा निर्णय कठोर होता, पण मला तो पटतो. अमक्याची आई म्हणून मत दिलं असतं, तर ते मत अमक्याच्या घराचं झालं असतं.

कोकणात हा प्रश्न जास्त टोकदार आहे. २०११ च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे १,१२२ बायका होत्या आणि सिंधुदुर्गात १,०३६. पुरुष मुंबईला, बायका गावात, ही इथली जुनी रीत. शेत, गुरं, म्हातारी माणसं, पोरं हे सगळं सांभाळणारी बाई इथे कायम राहते. नळाला पाणी येतं की नाही, एसटी वेळेवर सुटते की नाही, आरोग्य केंद्रात डॉक्टर असतो की नाही, हे सगळं तिच्याच अंगावर येतं. तिचं नाव इथल्या यादीत नसेल, तर ह्या प्रश्नांवर इथून मत द्यायला राहिलं कोण?

शाळेतून निवृत्त झाल्यापासून मी अंगणवाडीत अधूनमधून गोष्टी सांगायला जाते. तिथे ताईंनी सुरू केलेला एक खेळ मी बघितला, त्याबद्दल थोडं सविस्तर लिहिते.

शेवटच्या अर्ध्या तासात गोष्ट ऐकायची की गाणी म्हणायची, हे पोरांनी ठरवायचं. ताईंनी दोन करवंट्या मांडल्या. एकीसमोर मांजराचं चित्र, म्हणजे गोष्ट. दुसरीसमोर ढोलकीचं, म्हणजे गाणी. प्रत्येक पोराच्या हातात शिवलीचा एकेक शिंपला दिला. शिवल्यांचे शिंपले आमच्याकडे प्रत्येक परसात ढिगाने पडलेले असतात. आपल्याला हवं त्या करवंटीत शिंपला टाकायचा, बस्स.

पहिल्या दिवशी सगळ्यांत आडदांड पोरगा पुढे झाला आणि त्याने ठणकन मांजराच्या करवंटीत शिंपला टाकला. मागून एकेक करत सगळ्यांनी तिथेच टाकले. ढोलकीची करवंटी रिकामी. ताई काही बोलल्या नाहीत, गोष्ट झाली, पोरं घरी गेली. दुसऱ्या दिवशी त्यांनी खिळ्याला एक जुनी साडी बांधून कोपऱ्यात आडोसा केला आणि करवंट्या त्याच्यामागे ठेवल्या. एका वेळी एकच जण आत. पोरं जायची, क्षणभर दिसेनाशी व्हायची, आणि बाहेर येताना त्यांच्या तोंडावर काहीतरी वेगळंच असायचं. एक मुलगी, जी सहसा बोलतच नाही, आत जाऊन बाहेर आली तरी तिची मूठ मिटलेलीच. ताईंनी विचारलं नाही की का टाकला नाहीस. “तुका वाटात तेव्हा जा,” एवढंच म्हणाल्या. सगळ्यांचं झाल्यावर ती उठून गेली आणि रिकाम्या हाताने परत आली.

मग मोजणी. चार वर्षांच्या पोराला वीसपर्यंत मोजता येतंच असं नाही. ताईंनी मांजराचे शिंपले जमिनीवर एका रांगेत लावले आणि प्रत्येकासमोर ढोलकीचा एकेक. कुठली रांग लांब झाली ते कुणालाही दिसतं. त्या दिवशी ढोलकीची लांब झाली. आडदांड पोरग्याने दोन्ही करवंट्या उचलून आत डोकावून बघितलं, कुठे शिंपला अडकून राहिलाय का. नव्हता. “माझी मांजर हरली” म्हणून तो रडायला लागला. ताई म्हणाल्या, उद्या परत टाकायचेत शिंपले. त्याने नाक पुसलं, आणि गाणी सुरू झाली तेव्हा सगळ्यांत मोठ्याने तोच म्हणत होता.

पुढे कधीतरी एकाने खाली पडलेला शिंपला उचलून दोन टाकायचा प्रयत्न केला. ताईंना कळायच्या आधी पोरांनीच गिल्ला केला. एकाला एक, हे कुणी त्यांना पाठ करायला लावलं नव्हतं.

मला जे फार मोलाचं वाटलं, ते दारात घडलं. न्यायला आलेल्या आया हा खेळ बघत उभ्या असायच्या. त्यातल्या एकीने ताईंना हळूच विचारलं, “थंय खरंच कोण बघणा नाय मा?” ती आडोशाबद्दल विचारत होती खरी, पण तिच्या मनात करवंट्या नव्हत्या. ताईंनी तिला नीट समजावलं. यंत्राभोवती तिन्ही बाजूंनी आडोसा असतो. बटण दाबल्यावर शेजारच्या व्हीव्हीपॅटच्या काचेत चिठ्ठी ७ सेकंद दिसते, तीही फक्त आपल्याला, आणि मग आतल्या पेटीत पडते. ती घरी कुणाला दिसत नाही, कुणाला नेता येत नाही. बाई ऐकत होती आणि आजूबाजूच्या दोघी-तिघीही ऐकत होत्या. जनजागृतीच्या फलकावर ‘मतदान करा’ असं कितीही मोठ्या अक्षरांत लिहिलं, तरी हा प्रश्न तिथे कुणी विचारत नाही. तो विचारायला ओळखीची ताई लागते आणि रोज पाय लागणारा उंबरठा लागतो.

शिंपल्यांवरून आठवण होते ती ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांची. १९४५ मध्ये याच कोकणपट्टीच्या उत्तर टोकाला, बोर्डीला, ताराबाईंनी ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं आणि अनुताई त्यांच्याबरोबर तिथे गेल्या. माँटेसरी पद्धतीची महागडी साधनं गावात परवडणार नव्हती. त्यांनी शिंपले, बिया, पानं, खडे घेऊन मुलांना शिकवलं. १९५७ मध्ये काम डहाणू तालुक्यातल्या कोसबाडच्या टेकडीवर गेलं, आदिवासी पाड्यांमध्ये. मुलं शाळेत येत नाहीत म्हटल्यावर शाळा त्यांच्या अंगणात नेली, गुरांमागे रानात जाणाऱ्यांसाठी कुरणशाळा काढली. आज देशभर जिला अंगणवाडी म्हणतात तिचं बीज तिथलं. २ ऑक्टोबर १९७५ ला एकात्मिक बाल विकास सेवा योजना देशातल्या ३३ प्रकल्पांत सुरू झाली आणि अंगणवाडी सरकारी झाली.

ज्याला यायला जमत नाही त्याच्या दारात आपण जायचं, ही कोसबाडची रीत. मुलांच्या बाबतीत आपण ती स्वीकारली. त्यांच्या आयांच्या मताच्या बाबतीत ती स्वीकारावी, एवढंच माझं म्हणणं आहे.

लहानपणीच्या शिक्षणाचा आणि मोठेपणीच्या मतदानाचा संबंध लावणं म्हणजे ओढूनताणून आणलेलं नातं, असं काहींना वाटेल. अमेरिकेत १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला ‘फास्ट ट्रॅक’ नावाचा एक कार्यक्रम चार ठिकाणी राबवला गेला. बालवाडीच्या वयातच ज्यांचं वागणं त्रासाचं वाटत होतं अशी मुलं निवडली आणि चिठ्ठ्या टाकाव्यात तसे त्यांचे दोन गट केले. एका गटाला राग आवरायला, दुसऱ्याच्या जागी स्वतःला ठेवून बघायला, हातातलं काम तडीस न्यायला शिकवलं. निवडणूक, राज्यघटना, पक्ष यांचं त्यात नावही नव्हतं. ती मुलं मोठी झाल्यावर जॉन होल्बाईन या अभ्यासकाने मतदानाच्या नोंदी तपासल्या. शिकवलेल्या गटाचं मतदान दुसऱ्या गटापेक्षा जास्त निघालं. हा अभ्यास २०१७ चा आहे. मला तो वाचून आश्चर्य वाटलं नाही. मत द्यायचं म्हणजे आधी कागद गोळा करायचे, अर्ज करायचा, त्याचा पाठपुरावा करायचा, उन्हात रांगेत उभं राहायचं आणि आपला माणूस हरला तरी पुढच्या वेळी परत जायचं. हे ज्याला जमतं त्याला ते कधीतरी, कुठेतरी लहानपणी जमायला लागलेलं असतं.

त्याच देशात गरीब घरांतल्या मुलांसाठी ‘हेड स्टार्ट’ नावाच्या बालवाड्या १९६५ पासून चालतात. तिथे पालकांनी निवडून दिलेल्या पालकांचं एक मंडळ असतं आणि कारभाराच्या निर्णयांत त्याला खरोखरीचा अधिकार असतो. मतदार म्हणून नाव नोंदवणं तिथे बऱ्याच राज्यांत नागरिकाने स्वतः करायचं काम आहे, त्यामुळे अशा बालवाड्यांतून पालकांना नोंदणीची माहिती देण्याचे प्रयत्न झाले. आपल्याकडे यंत्रणा स्वतः घरी येते, हे आपलं मोठंच भाग्य. पण बीएलओ, म्हणजे आपल्या केंद्राच्या मतदार यादीचं काम बघणारा माणूस, घरी येतो तेव्हा सून आंब्याच्या बागेत रोजावर असते किंवा बाजारात मासे विकायला, आणि तिच्या वतीने घरातलं दुसरंच कुणीतरी बोलतं. अंगणवाडीत ती स्वतः येते.

शिक्षिका असताना मी मतदान अधिकारी म्हणून काम केलं आहे. केंद्रावर पहिला मतदान अधिकारी यादीतलं नाव मोठ्याने वाचतो, उमेदवारांच्या प्रतिनिधींना ऐकू जावं म्हणून. नियमाचा भाग आहे तो, रुक्ष काम. पण कितीतरी बायकांच्या चेहऱ्यावर त्या क्षणी जे येतं, ते मी समोर बसून पाहिलं आहे. इतक्या माणसांत, पुरुषांच्या देखत, तिचं पूर्ण नाव, तिचं स्वतःचं, कुणीतरी खणखणीत उच्चारलेलं असतं. काही जणी ‘हां’ म्हणतात, काही नुसत्या पदर सावरून पुढे होतात. शाईसाठी डाव्या हाताची तर्जनी पुढे करताना कडेवरचं मूल उजवीकडे घेतात.

हो, कडेवरचं मूल. निवडणूक संचालन नियम, १९६१ मध्ये मतदान केंद्रात कुणाला प्रवेश द्यायचा याची यादी आहे. मतदार, कर्मचारी, उमेदवार आणि त्यांचे प्रतिनिधी यांच्याबरोबर तिथे मतदाराच्या कडेवरच्या मुलालाही जागा दिली आहे. नियम ४९ डी. ज्याने तो लिहिला त्याने आपल्या देशातली बाई नीट बघितली होती. मूल लहान आहे म्हणून मतदान चुकलं, हे कारण कायद्याने त्या काळीच काढून टाकलं. आता तर अनेक केंद्रांवर पाळणाघर असतं आणि पुष्कळदा तिथे अंगणवाडीच्या ताईच बसलेल्या असतात. ओळखीची ताई बघितली की पोर आईचा हात सोडतं.

२०२४ च्या लोकसभेला रत्नागिरी-सिंधुदुर्गाचं मतदान ७ मे ला झालं आणि मुंबईचं २० मे ला. ऐन हापूसचा मोसम. मुंबईत नाव असलेल्या सुना मुलांच्या सुट्टीसाठी गावात, आणि मत तिकडे. पोटाशी लहान मूल घेऊन, मे महिन्याच्या गर्दीत, एका दिवसासाठी मुंबई गाठणं कुणाला परवडतं? मतदानाच्या दिवशी पगारी सुट्टी द्यावी लागते आणि रोजावरच्या माणसाचीही त्या दिवसाची मजुरी बुडवता येत नाही, हे लोकप्रतिनिधित्व कायद्यात आहे. आंब्याच्या पेट्या भरणाऱ्या बायकांपैकी ते किती जणींना ठाऊक असेल? आणि ठाऊक असलं तरी नाव चुकीच्या गावात असेल, तर त्या सुट्टीचा उपयोग काय? उत्तर साधं आहे. जी जिथे राहते तिचं नाव तिथे हवं. नमुना ८ भरला की पत्ता बदलतो, नाव नव्याने घालायचं तर नमुना ६. दोन्हीकडे नाव ठेवायची सवय काही घरांत आहे, तीही सोडायला हवी. कायद्यात एका माणसाला एकच जागा आहे.

हे सगळं अंगणवाडीतून व्हावं म्हटलं की पहिली भीती मला ताईंची वाटते. आधीच त्यांच्यावर काय कमी लादलं आहे? मानधनावर काम, सर्वेक्षणं, ॲपमधल्या नोंदी, आणि कित्येक जणींकडे बीएलओचंही काम. ताई याद्या घेऊन वाडीभर फिरतात तेव्हा पोरं मदतनिसांच्या भरवशावर बसतात आणि शिंपल्यांचा खेळ त्या दिवशी होत नाही. मतदार वाढवायला म्हणून बालशिक्षणाचे तास खायचे, ह्याला माझा विरोध आहे. ताईंनी फक्त दार उघडं ठेवावं. कागदांचं काम ज्याचं आहे त्याने तिथे येऊन करावं.

दुसरी भीती पक्षांची. पोरांच्या अंगावर चिन्हाचे सदरे, हातात झेंडे, तोंडात घोषणा हे मी पाहिलं आहे आणि मला ते सहन होत नाही. निवडणूक आयोगाने ५ फेब्रुवारी २०२४ ला प्रचारात मुलांचा वापर करू नये म्हणून कडक सूचना काढल्या, फार बरं केलं. अंगणवाडीत ‘मत दे’ एवढंच बोलायचं. कुणाला, हे विचारायचंही नाही. आमच्या ताई ह्या बाबतीत इतक्या काटेकोर आहेत की मांजर आणि ढोलकी सोडून एकदा कुणीतरी कमळाचं फूल आणि घड्याळ अशी चित्रं सुचवली, तर त्यांनी तिथल्या तिथे नाही म्हटलं.

२०२२ पासून वर्षातून चार अर्हता दिनांक आहेत, म्हणजे ज्या तारखेला अठरा पूर्ण असली की नाव घालता येतं त्या तारखा: १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै, १ ऑक्टोबर. सतरा पूर्ण झालेल्यांना आगाऊ अर्जही करता येतो. मुलांना न्यायला येणाऱ्या आत्या आणि मावश्या पुष्कळदा ह्याच वयाच्या असतात. आहार वाटपाच्या दिवशी झाडून सगळ्या आया येतात. त्या चार तारखांच्या आगेमागे, आहार वाटपाच्या सकाळी बीएलओने दोन तास अंगणवाडीच्या पडवीत टेबल टाकून बसावं. ह्याला नवी योजना नको, निधी नको. ग्रामपंचायतीच्या निवडणुकीलाही हीच यादी प्रभागवार फोडून वापरतात, म्हणजे पाणी, पाखाडी, दिवाबत्ती ह्या अगदी दाराशी येणाऱ्या गोष्टींचा कौलही ह्याच नोंदीवर ठरतो. पंचायतीत निम्म्या जागा बायकांसाठी राखीव आहेत; उभं राहायचं तरी यादीत नाव आधी लागतं.

आमच्या ताईंनी गावच्या बीएलओंशी बोलून ठेवलं आहे आणि ते पुढच्या वाटपाला येतो म्हणालेत. नमुना ६ आणि ८ च्या प्रती मी तालुक्याहून आणल्या आहेत. बायकांना निरोप गेला आहे: आधार, एक फोटो, आणि माहेरच्या किंवा मुंबईच्या पत्त्याचं जुनं मतदार ओळखपत्र असेल तर त्याची झेरॉक्स. कार्ड सापडत नसेल तरी यावं, नंबर शोधून काढता येतो. आणि अर्जावर सही आपली आपण करायची, घरातल्या दुसऱ्या कुणी नाही, हे ताईंनी प्रत्येकीला तिच्या नावाने हाक मारून सांगितलं आहे.